चालता लॅपटॉप भंगार कसा?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी येळ्ळूरला घरीच डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर मांडायचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, गणेशोत्सव मंडळांची पावतीपुस्तकं, मराठी शाळेच्या प्रश्नपत्रिका. आमच्या भागात पत्रिका बऱ्याचदा मराठी आणि कन्नड दोन्हीत करावी लागते, कारण एकीकडचे पाहुणे चंदगड-आजऱ्याचे, तर दुसरीकडचे बैलहोंगल-सौंदत्तीचे. हे सगळं काम २०१७ साली ३१ हजारांना घेतलेल्या एका लॅपटॉपवर चालतं.

हा लॅपटॉप ज्या विंडोज १० प्रणालीवर चालतो, तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. दिवाळी आठवड्यावर आली होती. तुळशीचं लग्न झालं की पत्रिकांची घाई सुरू होते, म्हणून स्क्रीनवर सूचना दिसताच मी बेळगावातल्या एका दुकानात गेले. लॅपटॉप पिशवीतून पुरता बाहेरही काढला नव्हता, तोवर दुकानदार म्हणाले, ‘मॅडम, ह्याला विंडोज ११ बसत नाही. हा आता भंगार.’ आणि ५८ हजारांचा ‘एआय लॅपटॉप’ पुढे ठेवला.

विंडोज ११ बसत नाही, हे खरं आहे. प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपची मुख्य चिप, इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, माझा सातव्या पिढीचा आहे. पण विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेता येतात, हे त्यांनी सांगितलं नाही. मायक्रोसॉफ्टचं खातं उघडून सेटिंग्ज त्या खात्याशी जोडल्या, तर ही सोय पैसे न भरताही मिळते. मला हे भाच्याकडून कळलं. त्या दिवशी माझ्यासमोर दोघांनी जुने लॅपटॉप देऊन हप्त्यावर नवे घेतले. त्यातली एक कॉलेजची मुलगी होती. तिलाही कुणी हे सांगितलं नसणार, याची मला अजून रुखरुख लागून आहे.

मी मारुती गल्लीजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने मागचं झाकण उघडलं आणि म्हणाला, ‘अक्का, प्रोसेसरला काय झालेलं नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी घाला, रॅम वाढवा, पळतंय बघा.’ एसएसडी म्हणजे फायली साठवणारा, हार्ड डिस्कपेक्षा वेगवान भाग, आणि रॅम म्हणजे काम चालू असताना लागणारी मेमरी. साडेचार हजार रुपये लागले. पूर्वी मशीन सुरू करून चहा ठेवला, तर चहा आधी व्हायचा. आता गॅस पेटवेपर्यंत स्क्रीन तयार असते.

याच दुरुस्तीवाल्याने मला एक गोष्ट दाखवली. अलीकडच्या कितीतरी पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरच, कायमची सोल्डर केलेली असते. विकत घेताना ८ जीबी घेतली, तर शेवटपर्यंत ८ जीबीच. ‘एआय लॅपटॉप’ विकणाऱ्याने मला तो सेकंदाला किती लाख कोटी आकडेमोडी करतो ते सांगितलं, पण रॅम बदलता येते का, या प्रश्नावर ‘बघून सांगतो’ म्हणाले. नव्या तंत्राशी माझं वैर नाही. फोनवर बोलून मराठी टाइप करायची सोय मी रोज वापरते. सासऱ्यांनी भजनी मंडळासाठी सांगितलेला मजकूर मी तसाच उतरवून घेते, कन्नड गावांची नावं तेवढी हाताने सुधारते. चांगली वस्तू असेल तर मीही पैसे साठवून घेईन.

माझी खरी अडचण जुन्या फायलींची आहे. युनिकोड म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षरं नीट दिसावीत अशी सामाईक पद्धत. माझ्याकडे आठ वर्षांच्या पत्रिका तिच्या आधीच्या पद्धतीच्या मराठी फाँटमध्ये आणि नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या फाँटमध्ये आहेत. दुसऱ्या मशीनवर ते फाँट नसतील, तर ‘श्री गजानन प्रसन्न’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. भाच्याने पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली चालवून दाखवली. तिच्यावर इन्स्क्रिप्ट कीबोर्डने मराठी छान टाइप होतं, पण माझी ही जुनी सॉफ्टवेअर विंडोजसाठी बनलेली आहेत. म्हणून रोज रात्री दोन-तीन फायली युनिकोडमध्ये आणते. जोडाक्षरं आणि रफार तपासत बसावं लागतं. या कामाला मला हे एक वर्ष हवं होतं, आणि दुकानदाराचं ऐकलं असतं तर ते गेलं असतं.

फ्रिज घेताना आपण दारावरचे तारे मोजतो. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्ती किती सोपी याचे दहापैकी गुण छापावे लागतात. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, आणि मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंना असे गुण द्यायच्या पद्धतीवर नेमलेल्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये आला. ते गुण प्रत्यक्ष खोक्यावर यावेत, आणि त्याच खोक्यावर आणखी दोन ओळी असाव्यात: रॅम-बॅटरी बदलता येते का, आणि सुरक्षा अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार.

तोवर एक विनंती आपल्याला आहे. दसरा-दिवाळीच्या खरेदी पुरवणीत लॅपटॉप आणि मोबाइलची माहिती छापताना कॅमेरा, किंमत, हप्ता यांच्यासोबत या दोन गोष्टीही विचारून छापाव्यात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं ती पुरवणी हातात घेऊनच बेळगावला दुकानात येतात. मी पाहिलं आहे.

आपली नम्र,
एक वाचक, येळ्ळूर, जि. बेळगाव