हळदीच्या तपासणीसाठी नवे एचपीएलसी यंत्र : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याने नावाला संरक्षण मिळाले, पण पोत्यातल्या मालात कुरकुमीन (हळदीला पिवळा रंग देणारे मुख्य द्रव्य) किती, हे दर वेळी तपासूनच सांगावे लागते. जात, जमीन आणि शिजवण्याची पद्धत यांप्रमाणे ते बदलते. अर्क काढणारे कारखाने हाच आकडा आधी विचारतात. तो हाताशी नसेल तर हळकुंडाची जाडी, पॉलिश आणि रंग पाहूनच भाव ठरतो, आणि चांगला माल पिकवणाऱ्याचे नुकसान होते.

आपल्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात ही तपासणी होत आली आहे. तिथले एचपीएलसी यंत्र, म्हणजे अर्कातले घटक वेगळे करून मोजणारे यंत्र, आता थकले आहे. पंपाचा दाब टिकत नाही, त्या मॉडेलचे सुटे भागही मिळेनासे झाले आहेत. नव्या यंत्रासाठी आम्हाला २४ लाख रुपये उभे करायचे आहेत.

स्पेक्ट्रोफोटोमीटर असताना एवढा खर्च कशाला, असे काही शेतकऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटर ४२५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासच्या प्रकाशात अर्काचा एकूण पिवळेपणा मोजतो. कुरकुमीन आणि त्याची दोन भावंडे, डिमिथॉक्सीकुरकुमीन व बिसडिमिथॉक्सीकुरकुमीन, त्यात वेगळी दिसत नाहीत. कुणी मेटॅनिल यलो हा कृत्रिम रंग मिसळला असेल तर तोही हळदीच्याच खात्यात जमा होतो. एचपीएलसीच्या कॉलममधून, म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळीतून, हे घटक वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात, म्हणून प्रत्येकाचा हिशेब स्वतंत्र लागतो. लेड क्रोमेट या शिसेयुक्त पिवळ्या रंगाची भेसळ मात्र याही यंत्रावर पकडता येत नाही, हे आताच स्पष्ट सांगतो. त्यासाठी शिशाची तपासणी वेगळ्या यंत्रावर करावी लागते.

यंत्र निवडताना आम्ही तीन गोष्टींवर अडून बसलो आहोत. पहिली, फोटोडायोड अ‍ॅरे डिटेक्टर. डिटेक्टर म्हणजे कॉलममधून बाहेर पडणारे घटक टिपणारा भाग. साधा यूव्ही डिटेक्टर स्वस्त पडतो, पण अ‍ॅरे आलेखातल्या प्रत्येक शिखराचा पूर्ण स्पेक्ट्रम (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला याची नोंद) देतो, त्यामुळे ते शिखर खरोखर कुरकुमीनचेच आहे का, हे पडताळता येते. दुसरी, नमुने आपोआप टोचणारा ऑटोसॅम्पलर. फेब्रुवारीपासून नव्या हळदीची आवक वाढते आणि नमुन्यांचा ढीग लागतो. एकेक नमुना हाताने टोचत बसलो तर निकाल सौदा उरकल्यावर हातात येतो. तिसरी, ६०० बारपर्यंत दाब पेलणारा पंप. ४०० बारच्या पंपावर नेहमीचा लांब कॉलम चालतो, पण बारीक कणांचा आखूड कॉलम वापरला तर वेळ आणि द्रावक म्हणून लागणारे अ‍ॅसिटोनायट्राइल दोन्ही वाचतात. यंत्राचे पैसे एकदाच मोजायचे असतात, द्रावकाचे दर महिन्याला. २००८-०९ मध्ये जगभर अ‍ॅसिटोनायट्राइलची टंचाई झाली होती, कारण ते प्लास्टिक आणि धाग्यांसाठी लागणाऱ्या अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या उत्पादनात जोडीने मिळते आणि मंदीत ते उत्पादनच घटले. तेव्हा प्रयोगशाळांना याचा चटका बसला होता.

कीटकनाशकांचे अंश मोजणारे मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेले यंत्र घ्यावे, अशीही सूचना आली. त्याची किंमत आणि रोजची निगा आपल्या विभागाला आज झेपणारी नाही. न पेलणारे यंत्र आणून ते झाकून ठेवण्यापेक्षा रोज चालेल असे घेणे आम्हाला योग्य वाटते. म्हणूनच २४ लाखांत तीन वर्षांचा देखभाल करार, यूपीएस, दोन कॉलम आणि तुलनेसाठी प्रमाणित कुरकुमिनॉइडचे (कुरकुमीन आणि त्याच्या भावंडांचे) नमुनेही धरले आहेत. सर्व्हिस इंजिनिअर सांगली किंवा कोल्हापुरात दोन दिवसांत पोहोचेल, असे लेखी देणाऱ्या कंपनीचेच दरपत्रक विचारात घेऊ.

हळद उत्पादक, अडते, व्यापारी आणि पावडर गिरणीचालक, सर्वांनी यथाशक्ती हातभार लावावा. एका पोत्याच्या किमतीएवढी रक्कमही आम्हाला मोलाची आहे. पैसे देणाऱ्याच्या नमुन्याला झुकते माप मिळणार नाही. निकाल जो येईल तोच लिहिला जाईल, आणि तपासणीचे शुल्क सर्वांना सारखेच राहील.

माजी विद्यार्थ्यांकडे आणखी एक मागणे आहे. तुमच्यापैकी अनेकजण तारापूर, महाड, कुरकुंभच्या औषध कंपन्यांत क्यूसीमध्ये (गुणवत्ता तपासणीत) रोज हीच यंत्रे चालवता. दरपत्रके वाचायला आणि डेमोच्या दिवशी आमच्याबरोबर बसायला या. आपल्याच हळदीचे नमुने डेमोत चालवून पाहायचे आहेत. कोणत्या पंपाचे सील लवकर जाते, कोणते सॉफ्टवेअर अडवते, हे तुमच्याइतके कुणाला ठाऊक नाही. यंत्र बसल्यावर विद्यार्थ्यांना शिकवायला एखादा रविवार दिलात तर तीही देणगीच आहे.

रोख रक्कम स्वीकारली जाणार नाही. धनादेश कॉलेजच्या नावाने काढून कार्यालयात द्यावा आणि पावती जरूर घ्यावी. जमा-खर्च दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विभागाच्या फलकावर लावला जाईल. नव्या हळदीच्या सौद्यांआधी यंत्र बसवायचे असल्याने दिवाळीपर्यंत निधी पूर्ण व्हावा, ही विनंती.

आपले,
प्रयोगशाळा निधी समितीचे सदस्य