काहिलीतला लेख आणि तुम्ही दिलेली दोन संध्याकाळ

नमस्कार,

तुम्हाला ताई म्हणू की दादा, तेही मला ठाऊक नाही. तुमच्या प्रोफाइलवर फक्त एका मांजराचा फोटो आहे. तरीही आभार मानायचे राहून गेले तर रुखरुख लागेल.

आमच्या गुऱ्हाळावरचा माझा लेख दोनेक हजार शब्दांचा होता. त्यात उपशीर्षकं होती, सहा फोटो होते आणि उसापासून गुळापर्यंतच्या हिशोबाचा एक तक्ता होता. माझ्या वर्डप्रेसच्या साइटवरून एका प्लगइनने (जोड-सॉफ्टवेअरने) तो फेडिव्हर्समध्ये, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या स्वतंत्र सोशल साइटच्या जाळ्यात, सोडला आणि त्यातल्या मॅस्टोडॉनवर उघडून बघितला. फोटो मजकुरातून निघून तळाशी जमा झाले होते आणि तक्त्यातले आकडे एकमेकांना चिकटले होते. वैतागून मी सेटिंगमधला प्रकार ‘नोट’वरून ‘आर्टिकल’ केला, तर नुसतं शीर्षक आणि दुवा उरला. प्लगइनला शिव्या घालत मी मदत मागितली.

तुम्ही आधी शिव्या थांबवल्यात. २०१८ साली वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यू३सी या संस्थेने, या जाळ्यातल्या साइट ज्या नियमांनी एकमेकींशी बोलतात त्या अ‍ॅक्टिव्हिटीपबला मान्यता दिली. त्यासोबतच्या शब्दसंग्रहात ‘नोट’ म्हणजे साधारण एका परिच्छेदाहून लहान मजकूर आणि ‘आर्टिकल’ म्हणजे अनेक परिच्छेदांचं लेखन, हे तुम्ही समजावलंत. पण कोणता प्रकार कसा दाखवायचा हे ज्या त्या सॉफ्टवेअरच्या हातात. मॅस्टोडॉन ‘आर्टिकल’चं शीर्षक, सारांश आणि दुवा दाखवतं, त्याच जाळ्यातलं फ्रेंडिका अख्खा लेख मांडतं. माझा सारांश रिकामाच होता, मग दिसणार काय!

नुसतं सांगून तुम्ही थांबला नाहीत. माझा लेख तीन ठिकाणी उघडून तुम्ही स्क्रीनशॉट पाठवलेत, चुकीच्या जागी लाल गोल काढून. ‘आर्टिकल’च ठेवा, तीन ओळींचा सारांश हाताने लिहा, तक्ता मोडून वाक्यं करा, असं सुचवलंत. चौथी गोष्ट मला कधीच सुचली नसती. साइटची भाषा इंग्रजीवरच राहिली होती, त्यामुळे सार्वजनिक टाइमलाइनवर फक्त मराठी निवडलेल्यांना लेख दिसतच नव्हता.

अ‍ॅक्टिव्हिटीपबच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या इव्हान प्रॉड्रोमू यांचा, फेडिव्हर्समधल्या सुधारणेसाठीचा एफईपी-बी२बी८ हा प्रस्तावही वाचला. लेखाच्या पोटातच छोटी ‘नोट’ झलक म्हणून पाठवायची ही कल्पना मला पटली. सगळ्या सर्व्हरांनी ती उचलेपर्यंत सारांश मीच लिहीन.

तक्ता मोडताना जीवावर आलं होतं, खरं सांगतो. पण आता तोच भाग लोक वाचतात. परवा फ्रेंडिकावरून एकाने विचारलं, “मळी काढताना रानभेंडीचा रस किती घालता?” हा प्रश्न लेखाच्या पार शेवटच्या भागातला. म्हणजे कोणीतरी तिथवर पोचलं.

गुऱ्हाळ पेटलं की काकवीची एक बाटली तुम्हाला पाठवायची आहे. पत्ता खासगी निरोपात कळवा. द्यायचा नसेल तर एखाद्या ओळखीच्या दुकानाचा द्या, बाटलीवर मांजर काढून पाठवतो.

तुमचा,
गुऱ्हाळवाला