दम्याची गोळी अन् ढाळाची गोळी

संपादक साहेब, नमस्कार.

आमचे अण्णा जिनिंगवर हमाली करायचे, दमा जुनाच, थिओफायलिनची गोळी कैक वर्षं चालू. ढाळ लागले म्हणून मेडिकलवाल्यानं सिप्रोफ्लॉक्सासिन नावाचं अँटिबायोटिक दिलं, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही, अन् तिसऱ्या दिवशी हातातली बशी अशी थरथरायला लागली की अर्धा चहा धोतरावर. उलट्या थांबेनात, छातीत नुसती धडधड, आम्ही म्हणलो पित्त झालं अन् लिंबू-सोडा पाजत बसलो, येडेच की!

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी गोळ्यांच्या पट्ट्याच मागितल्या. सिप्रोमुळं लिव्हरमधी थिओफायलिनचा निचरा मंदावतो, मग रोजचाच डोस अंगात साचतो, एरिथ्रोमायसिन ह्या दुसऱ्या अँटिबायोटिकनंबी तसंच होतं. रक्तात 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलीच्या वर गेलं की धोका, पोटॅशियम उतरतं, झटकेबी येतात. यावर खास उतारा असा नाही. औषधी कोळशाची पावडर कालवून परत परत पाजली, मॉनिटर लावला, लईच चढलं असलं तर डायलिसिस करतात. अण्णांवर ती वेळ आली नाही, दुसऱ्या दिवशी कोळशानं काळ्या झालेल्या ओठांनी चहाच मागत होते.

मेडिकलवाल्यांनी गोळी देताना 'दुसरं काय चालूय' एवढं तरी विचारावं, त्याला पैसे पडत नाहीत.

एक वाचक, जि. परभणी