बुधवारचा पास्ता आणि तुझे पिठले

पुणे, गुरुवार दुपार

प्रिय श्रीकांत,

सप्रेम नमस्कार.

गणपतीत आलेल्या तुझ्या पत्राला उत्तर लिहायला मला होळी उजाडली, याबद्दल तू मनातल्या मनात जे काही म्हटले असशील ते सगळे मला मान्य आहे. प्रकृती ठीक. रक्तदाबाची गोळी चालू आहे, अण्णांच्या डोळ्याचे ऑपरेशन नीट पार पडले. आता मुद्द्यावर येतो, कारण हे पत्र मी गेल्या बुधवारी वाया गेलेल्या पातेलेभर पास्त्यामुळे लिहीत आहे आणि ही हकीकत तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला सांगून उपयोग नाही.

हसू नकोस. सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत तीन वर्षांत ज्याने एकदाही कणकेला हात लावला नाही, तोच मी गेले पाच महिने दर बुधवारी संध्याकाळी ओट्यापाशी उभा राहून पीठ मळतो. मंजिरीला बढती मिळाल्यापासून ती साडेआठच्या आत घरी येत नाही, रेवाचा क्लास आठला सुटतो, ओंकारचे फुटबॉल आणि अण्णांची साडेसातची भूक, यांमुळे आमच्याकडे रात्रीचे जेवण कारखान्यासारखे पाळ्यांमध्ये होऊ लागले होते. मावशी सकाळी पोळी-भाजी करून जातात, ती ज्याने त्याने डब्यातून काढून आपापल्या वेळी, बहुधा मोबाइलसमोर, खायची. भोसरीला माझ्या कामावर गुरुवारची सुट्टी असल्यामुळे बुधवारची रात्र मला मोकळी मिळते, म्हणून आठवड्यातून एक दिवस तरी पाचही जणांनी एकदम बसून गरम काहीतरी खावे, असे मी ठरवले. पास्ता निवडण्याचे पहिले कारण म्हणजे त्यावर पाचही जणांचे एकमत होते, आणि दुसरे, मला तेव्हा फार चतुरपणाचे वाटलेले कारण म्हणजे तो झाकून ठेवता येत नाही. उकळत्या पाण्यातून काढला की लगेच खावा लागतो. म्हणजे सगळ्यांना वेळेवर यावेच लागेल, असा माझा हिशेब होता.

सुरुवात मी उत्तर इटलीतल्या बोलोन्या गावाच्या पद्धतीने केली. तिकडे १०० ग्रॅम मैद्याला एक अंडे हे प्रमाण धरतात आणि त्याची मोठी पातळ पोळी लाटून पट्ट्या कापतात. त्या पट्ट्यांची, म्हणजे टॅलियातेलेची, शिजल्यानंतरची रुंदी ८ मिलिमीटर असावी, असे त्या गावाने १९७२ साली चक्क व्यापारी मंडळाच्या दप्तरी नोंदवून ठेवले आहे. हे वाचल्यापासून रेवा कंपासपेटीतली पट्टी घेऊन माझ्या ताटात तपासणी करते आणि मला अजून एकदाही उत्तीर्ण केलेले नाही. पट्ट्या मी आईच्या करंजीच्या कातण्याने कापतो, त्यामुळे त्यांना नागमोडी कड येते. बोलोन्यात याबद्दल मला दंडच झाला असता. परंतु अंडे म्हटल्यावर अण्णांनी पहिल्याच बुधवारी ताट सरकवले, तेव्हा इटलीच्या दक्षिणेकडे वळणे भाग पडले. तिथे अंड्याशिवाय, नुसत्या कडक गव्हाचा रवा आणि पाणी यांचा पास्ता करतात, आणि तो कडक गहू म्हणजे आपल्या बन्सीचीच जात. बन्सी रवा मिक्सरवर आणखी बारीक करायचा, ४०० ग्रॅमला २०० ग्रॅम कोमट पाणी घ्यायचे आणि दहा मिनिटे मळायचे. पहिली पाच मिनिटे ते पीठ वाळूसारखे हातातून निसटते आणि आपण जन्मात काही करू शकलो नाही असे वाटू लागते, पण ओल्या फडक्याखाली अर्धा तास झाकून ठेवले की तेच पीठ, पुरीच्या कणकेपेक्षा घट्ट असूनही, अंगठ्याखाली मुकाट्याने दबते.

एका बुधवारी मी अण्णांना मोबाइलवर दक्षिण इटलीतल्या बारी गावातल्या बायका दाखवल्या. त्या जुन्या गल्लीत दारासमोर टेबले मांडून बसतात, पिठाच्या वळीचा तुकडा बोथट सुरीने पाटावर ओढतात, अंगठ्यावर उलटा करतात आणि कानाच्या पाळीसारखा ओरेकिएत्ते नावाचा पास्ता तयार होतो. अण्णांनी चष्मा वर करून अर्धा मिनिट पाहिले आणि म्हणाले, "हे तर वळवट आहे. आपल्याकडे लग्नाआधी नखुले करायच्या, तसेच." त्यानंतर माझ्या हातातली सुरी घेऊन त्यांनी स्वतः तीस-चाळीस तुकडे वळले. ते माझ्यापेक्षा सरस झाले, हे तू कोणाला सांगू नकोस.

तुझ्या खपलीची गोष्टही सांगून टाकतो, नाहीतर वहिनी विचारतील. दिवाळीत पाठवलेल्या पिठाचा पास्ता केला, तर पाण्यात टाकताच त्याचे तुकडे तुकडे झाले. खपलीत चिकटपणा कमी, आणि मी लाटला होता पातळ. इटलीत त्याच गव्हाला फार्रो म्हणतात आणि त्याचा पास्ताही करतात, तेव्हा दोष पिठाचा नाही. अण्णांनी ते तुकडे आमटीत सोडून वरणफळे म्हणून दोन वाट्या खाल्ले.

आणि हो, मार्को पोलो. त्याने चीनहून शेवया नेल्या आणि मग इटलीत पास्ता सुरू झाला, असे तू नाना पवारच्या लग्नाच्या पंगतीत सगळ्यांदेखत मला सुनावले होतेस. मार्को पोलो व्हेनिसला परतला १२९५ साली. अल-इद्रिसी नावाच्या भूगोलकाराने सिसिलीतल्या त्राबिया गावी दोऱ्यासारखा पास्ता मोठ्या प्रमाणावर करून जहाजांनी बाहेर पाठवतात, असे ११५४ सालीच लिहून ठेवले आहे. जिलबीची पैज होती. विसरलेलो नाही.

तर गेला बुधवार. सॉस मी रविवारीच करून ठेवतो. किलोभर टोमॅटो आणि सहा-सात पाकळ्या लसूण मंद आचेवर आटवून डब्यात भरला की दोन बुधवारांची सोय होते. त्या दिवशी मात्र मी वेगळा बेत केला होता. मांतोव्हा नावाच्या गावात लाल भोपळा पास्त्यात भरतात, मी तो शिजवून, घोटून, लसणाच्या फोडणीत परतून सॉसच केला, कारण भोपळ्याची भाजी पाहून उठणारा ओंकार तो मागून खातो. मंजिरीचा निरोप आला की निघाले आहे. रेवाचा आला की पोहोचतेच आहे. मी पाण्यात मीठ घातले आणि पाणी उकळताच पास्ता सोडला. पाच मिनिटांत तो झाला, मी निथळला, सॉसमध्ये त्याचेच वाटीभर पाणी घालून सारखा केला आणि पाच ताटे मांडली. मंजिरी बँकेतून निघता निघता परत बोलावली गेली होती. रेवा क्लासच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला खाऊन आली, सव्वानऊला. ओंकार सोफ्यावर झोपून गेला. अण्णांनी आपले ताट संपवले आणि माझ्याकडे न पाहता हात धुवायला गेले. पातेल्यात उरलेला पास्ता तोपर्यंत एकमेकांना चिकटून असा बसला होता की डाव उभा केला तर सगळा गोळा डावाबरोबर वर येत होता. भोपळ्यावर साय धरली होती. मी ते पातेले सिंकमध्ये ठेवले आणि त्या क्षणी, श्रीकांत, मला तुझे पिठले दिसले.

१९९६ चा पावसाळा. तू वातीच्या स्टोव्हवर पिठले-भात करून बसला होतास, मी साडेअकराला आलो आणि दारातूनच म्हणालो की बापटबरोबर इराण्याकडे खाऊन आलो. पिठले कडेने वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. तू काही न बोलता पातेले पाणी घालून मोरीत ठेवलेस आणि पुढे तीन आठवडे माझ्याशी बोलला नाहीस. मी ही गोष्ट आजवर किमान वीस लोकांना विनोद म्हणून सांगितली आहे, तुझ्या लग्नात तर माइकवर सांगितली. एका पिठल्यासाठी तीन आठवडे, असे म्हटले की लोक हसत. तू पण हसायचास. रॉकेल संपले आणि रांगेत आळीपाळीने उभे राहण्यासाठी आपल्याला बोलणे भाग पडले, एवढ्यानेच तो अबोला मिटला. माफी मी मागितलीच नव्हती, हे मला गेल्या बुधवारी सिंकसमोर उभे असताना लक्षात आले. आता मागतो.

मात्र खरी काळजी त्याच्या पुढची आहे. मीही अबोला धरला. ठरवून नव्हे, पण गुरुवार आणि शुक्रवार मी घरात कामापुरते बोललो. शनिवारी रेवा माझ्या बाजूला येऊन लसूण सोलत बसली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "बाबा, पास्ता मला आवडतो. पण हल्ली मी बुधवारी धावत येते ते तुम्ही चिडाल म्हणून." मी तिला म्हणालो की मी चिडत नाही. ती म्हणाली, "हो, गप्प बसता."

तेव्हापासून मला समजेनासे झाले आहे. पाच महिने मी समजत होतो की मी घराला एकत्र जेवायला बसवतो आहे, आणि घर समजत होते की बुधवारी बाबांची हजेरी लागते. मंजिरीला विचारले तर ती म्हणाली, करायचे तर कर, फक्त आम्ही आलो नाही तर ते तुझ्या तोंडावर दिसू देऊ नकोस. हे शहाणपणाचे आहे, पण ते मला जमेल असे वाटत नाही, कारण दहा मिनिटे मळलेले पीठ तोंडावर दिसतेच. काल बुधवारी मी काहीच केले नाही. पोळी-भाजी होती. ओंकार म्हणाला, "आज पाणी उकळायला नाही ठेवले?" मी म्हणालो, दमलोय. अण्णा साडेसातला, ओंकार आठला, रेवा पावणेनऊला, आम्ही दोघे दहाला जेवलो. कोणाची काही तक्रार नव्हती. रेवाने मात्र जाता जाता कातणे ड्रॉवरमधून काढून ओट्यावर ठेवले होते, ते सहज की मुद्दाम, ते मी विचारले नाही.

तुला एकच विचारतो, खरे सांग. त्या तीन आठवड्यांत राग पिठल्याचा होता की वाट पाहिल्याचा? पिठल्याचा असला तर माझा प्रश्न सोपा आहे, चार दिवस आधी पट्ट्या कापून, रवा भुरभुरून फ्रीझरमध्ये ठेवीन आणि ज्याला जेव्हा हवा तेव्हा मूठभर तसाच उकळत्या पाण्यात टाकून देईन, वाया काही जाणार नाही. दुसरा असला तर काय करायचे ते तूच सांग, कारण तू एकदा त्यातून गेला आहेस.

तुझे द्राक्षांचे काय झाले? बेदाणा करणार होतास तो केलास का? समीरच्या प्रवेशाचे कळव. वहिनींच्या गुडघ्याला आराम असेल असे धरून चालतो.

एप्रिलमध्ये माल निघाला की एखाद्या बुधवारी इकडे ये. येताना बन्सी मिळाला तर चार किलो आण, खपली नको. जिलबी चितळ्यांकडची चालेल. खंबाटकीत गाडी अडकली तर घाई करू नकोस आणि फोनही करू नकोस. पीठ मळून ठेवतो, पाणी तू चपला काढल्यावर ठेवीन. पाच मिनिटे लागतात.

तुझा,
विनायक