नेटची जोडणी घराची, मग तिचा कागद घरात का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात रस्ते, पाणी, एसटी यांच्या तक्रारी नेहमी वाचते. माझी तक्रार उंबऱ्याच्या आतली आहे, पण आमच्या गल्लीत चौकशी केली तेव्हा ती घरोघरची निघाली. गेल्या पावसाळ्यात मी घरच्या संगणकासाठी फायबरचं नेट घेतलं. तार घरात आली त्या दिवसापासून संगणकावर पहिलं पान उघडायला अकरा दिवस लागले.

मी वाईला राहते. सव्वीस वर्षं टायपिंगचे वर्ग घेतले. यंत्रं जाऊन संगणक आले तेव्हा तेही शिकले आणि शिकवले. आता मोठे वर्ग बंद आहेत, पण मराठी टायपिंग शिकायला तीन-चार मुली येतात, शिवाय लोकांचे अर्ज, बायोडाटा, पत्रिका टाइप करून देते. म्हणजे संगणक हे माझं पोटापाण्याचं साधन आहे. तो मागच्या खोलीत आहे, जिथे पूर्वी टायपिंगची यंत्रं होती. घर जुन्या पद्धतीचं, भिंती पांढऱ्या मातीच्या आणि दोन फूट जाड.

नेट बसवायला दोन मुलं आली. खांबावरून तार ओसरीत आणली, मशिनवर तिची दोन टोकं जुळवली, पांढरा डबा आणि राउटर, म्हणजे घरात नेट वाटणारं यंत्र, खिळ्याला टांगला. अर्ध्या तासात काम झालं. स्वतःच्या मोबाईलवर वेग मोजून दाखवला आणि म्हणाली, “काकू, नेट चालू झालं बघा.” मी म्हटलं, संगणक मागं आहे, त्याला जोडून द्या. त्यावर उत्तर आलं, “मोबाईलवर चालतंय की. कॉम्प्युटरचं आमच्याकडं नसतं.” मुलं भली होती. त्यांना दिवसाकाठी अशा बऱ्याच जोडण्या करायच्या असतात, उशीर झाला की वरून फोन येतो, हे त्यांनीच सांगितलं. पण नेट घेताना मी अर्जावर सही केली, तेव्हा कोणीही एक साधा प्रश्न विचारला नव्हता: घरात संगणक आहे का, आणि कुठे आहे?

माझा संगणक २०१५ सालचा, त्यात वाय-फाय नाही. दुकानातून वाय-फायचा छोटा अ‍ॅडॉप्टर आणून मागे लावला. राउटर ओसरीत, मध्ये माजघर, त्यापलीकडे माझी खोली, म्हणजे मातीच्या दोन भिंती आड. वाय-फायची एकच काडी दिसायची आणि तीही जायची. राउटर दोन नावांनी वाय-फाय देतो, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि दुसरं ५ गिगाहर्ट्झचं. पाचवालं वेगवान असतं पण भिंतीत लवकर अडकतं, आणि माझ्या स्वस्तातल्या अ‍ॅडॉप्टरला ते दिसतच नव्हतं. हे सगळं मला नंतर कळलं. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात नेटवर्कचं काम करतो, त्याने फोनवर समजावलं. त्याने संगणकाला हुकूम द्यायच्या काळ्या खिडकीत आयपीकॉन्फिग टाइप करायला लावलं आणि संगणकाचा नेटवरचा पत्ता म्हणून दिसणारा आकडा वाचायला सांगितला. आकडा १६९.२५४ ने सुरू होत होता. तो म्हणाला, “बाई, राउटरने तुमच्या संगणकाला पत्ताच दिलेला नाही, म्हणून संगणकाने स्वतःच मनाने एक पत्ता घेतलाय. आकडा १९२.१६८ ने सुरू झाला, की राउटरपर्यंतचं काम ठीक आहे असं समजा.” घरात वापरले जाणारे बहुतेक राउटर असेच पत्ते देतात. दोन मिनिटांत मला समजलं, की दोष बाहेरच्या तारेत नाही, माझ्या दोन भिंतींत आहे.

मग राउटरपासून संगणकापर्यंत लॅनची केबल, म्हणजे दोघांना थेट जोडणारी तार, टाकायचं ठरलं. पंचवीस मीटर केबल आणली. शंभर मीटरपर्यंत चिंता नसते असं विद्यार्थ्याने सांगितलं होतं. ओळखीच्या वायरमनने ती वाशाच्या कडेने नेली आणि दोन्ही टोकांना प्लास्टिकच्या क्लिपा दाबल्या. लावून बघितलं तर संगणकावर लाल फुली आणि राउटरचा दिवा बंद. तो बिचारा म्हणाला, केबलच खराब लागली असेल, दुसरी आणा.

रात्री मी भिंग घेऊन बसले. क्लिप पारदर्शक असते, आतल्या आठ तारा रंगांनी दिसतात. एका टोकाला क्रम असा होता: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकाला पांढऱ्या-हिरव्याच्या शेजारी लगेच हिरवा, मग पांढरा-निळा आणि निळा. जोडीला जोडी लावावी असं कोणालाही वाटेल, वायरमनलाही तसंच वाटलं. पण ह्या क्रमात हिरवी जोडी फाकलेली असते आणि निळ्या जोडीला पोटात घेते. तिसऱ्या आणि सहाव्या खाचेत हिरवीच जोडी हवी, कारण शंभर एमबीपीएस वेगाच्या नेटचं सगळं येणंजाणं पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी ह्या चार तारांवर चालतं. एका टोकाला सहावी तार हिरवी आणि दुसऱ्या टोकाला निळी, मग दिवा लागणार कसा? आयुष्यभर कळफलकावर कोणतं अक्षर कोणत्या बोटाखाली हे शिकवत आले, त्यामुळे क्रम चुकला की काय होतं हे मला कोणी सांगायला नको होतं. सकाळी वायरमनला बोलावलं, एक टोक कापून पुन्हा दाबायला लावलं. राउटरवर हिरवा दिवा लुकलुकला. तो अकरावा दिवस. पहिलं पान उघडलं ते मराठी विश्वकोशाचं. ज्या विश्वकोशाचं काम आमच्या गावात चाललं, तो ह्या खोलीत बसून वाचता येतो ह्याचा मला किती आनंद झाला, ते कागदावर मांडता येत नाही.

इथे गोष्ट संपली असती तर पत्र लिहिलं नसतं. महिन्याभराने गडगडाटात वीज गेली, परत आली, आणि नेट बंद. तक्रारीच्या फोनवर सांगितलं, राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन घालून रिसेट करा. केलं. त्याने राउटर कोरा झाला. प्रत्येक ग्राहकाला नेटसाठी एक नाव आणि पासवर्ड असतो, तो राउटरमध्ये भरलेला असतो. तो गेला. संगणकाचा आकडा बरोबर १९२.१६८ दाखवत होता, म्हणजे राउटरपर्यंत सगळं ठीक होतं, पुढचं दार बंद होतं. त्या दाराची किल्ली माझ्याकडे नव्हती. ती पहिल्या दिवशी आलेल्या मुलाच्या मोबाईलमध्ये होती, आणि तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. कार्यालयात विचारलं तर म्हणे, ते आम्ही ग्राहकाला देत नाही, माणूस पाठवतो. माणूस तिसऱ्या दिवशी आला.

ते तीन दिवस माझ्यापेक्षा शेजारच्या मुलीला जास्त जड गेले. ती अकरावीच्या प्रवेशासाठी माझ्याकडे येत होती. २०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले आहेत. अर्जाचे दोन भाग, त्यात महाविद्यालयांची पसंती, कागदपत्रं चढवायची. मोबाईलच्या बोटभर पडद्यावर हे भरताना चूक होते आणि ती चूक मुलांना भोगावी लागते. म्हणून ती संगणकापाशी येऊन बसत होती. तिचे वडील शेवटी तिला घेऊन बाजारातल्या सेवा केंद्रात गेले आणि रांगेत उभे राहिले.

मला आठवतं, १९९५ च्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगम ह्या सरकारी कंपनीने देशात सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. आमच्याकडे ते यायला पुढे काही वर्षं गेली. टेलिफोनच्या तारेवरचं ते नेट होतं, मोडेम किंचाळायचा आणि नेट चालू असेतो फोन बंद. पण पहिल्या दिवशी माझ्या हातात बंद पाकीट आलं होतं, आत माझं नाव आणि पासवर्ड. नंतर तांब्याच्या त्याच तारेवर ब्रॉडबँड आलं. २००४ च्या सरकारी धोरणाने २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, २०२३ पासून किमान २ एमबीपीएस हवं (एक एमबीपीएस म्हणजे हजार केबीपीएस), आणि माझ्याकडे आज १०० आहे. त्या ब्रॉडबँडच्या मोडेममध्ये ० आणि ३५ असे दोन आकडे भरावे लागत, ते माझ्या जुन्या वहीत अजून आहेत. बिघाड झाला की वही उघडायची आणि पुन्हा भरायचं, कोणाची वाट बघायची नाही. वेग जवळजवळ चारशे पट वाढला आणि वहीत लिहायला काही उरलं नाही, हे मला पटत नाही.

म्हणून नेट देणाऱ्या सगळ्या कंपन्यांना आणि गावोगावच्या केबलवाल्यांना माझी विनंती आहे. जोडणीच्या दिवशी ग्राहकाला मराठीत एक पान द्या. त्यावर ग्राहक क्रमांक, नेटचं नाव आणि पासवर्ड, राउटरच्या आत शिरायचा पासवर्ड, कोणता दिवा लाल झाला की काय बिघडलं आणि तक्रार कुठे करायची, एवढं हवं. तक्रार केली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, मागून घ्यायचा असतो, पुढे अपील करताना तोच लागतो, हेही त्यावर छापा. आमच्या आळीत मी सात घरं विचारली. कोणाकडेच असा कागद नाही. चार घरांत वाय-फायचा पासवर्ड म्हणजे घरच्याच माणसाचा मोबाईल नंबर, तो बसवणाऱ्याने टाकलेला आणि कोणी बदललेला नाही. राउटरच्या आतला पासवर्ड तर कारखान्यातून आला तोच. हे धोक्याचं आहे, आणि त्या घरांतल्या माणसांना कोणी ते सांगितलेलंच नाही.

दुसरी विनंती बसवणाऱ्या मुलांसाठी. त्यांना जोडणीमागे एक लॅन केबल ओढून संगणक चालू करून द्यायचा वेळ आणि त्याचे पैसे द्या. ग्राहक ते द्यायला तयार असतो, मी आनंदाने दिले असते.

तिसऱ्या दिवशी आलेल्या माणसाला मी सोडलं नाही. त्याच्याकडून नाव आणि पासवर्ड मागून घेतला, दिव्यांचे अर्थ विचारले आणि एक पान टाइप करून राउटरखाली भिंतीला चिकटवलं. पासवर्डाची ओळ तेवढी घडी घालून आत वळवली आहे. त्याच पानाचा कोरा नमुना ह्या पत्रासोबत पाठवते आहे, जागा झाली तर छापावा. लोकांना कापून घेता येईल आणि नेट बसवायला आलेल्या मुलाच्या पुढ्यात ठेवता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त टायपिंग शिक्षिका
वाई, जि. सातारा