रेबीज एकच टप्पा चालतो

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी कशा जोडल्या आहेत हे शोधायला रेबीजच्या विषाणूत परके जनुक घालतात म्हटले की माणूस दचकतो, पण त्यातली खरी मेख क्वचितच सांगितली जाते. या विषाणूत जनुके पाचच. त्यातले आवरणावरच्या प्रथिनाचे ‘जी’ जनुक काढून तिथे चमकणाऱ्या हिरव्या प्रथिनाचे बसवतात. ‘जी’वाचून विषाणू शिरलेल्या पेशीतच अडकतो.

2007 मध्ये अमेरिकेतल्या साल्क संस्थेतून पुढची युक्ती आली. आता उंदराच्या मेंदूतल्या निवडक पेशींना आधी ‘टीव्हीए’ हा ग्राही (विषाणूला पेशीत शिरू देणारे दार) आणि ‘जी’ पुरवतात, दोन-तीन आठवडे थांबतात, मग फक्त या दारातूनच शिरणारा विषाणू टोचतात. तो उलट दिशेने, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या पेशींकडे, एकच टप्पा चालतो, कारण तिथे पुढे जायला ‘जी’ नसते. आठवड्याभरात जोडलेल्या पेशी हिरव्या दिसतात.

घोळ होतो टीव्हीएच्या गळतीने. नको त्या पेशीत तो कणभर झाला तरी विषाणू शिरतो आणि टोचल्या जागेभोवती खोटी हिरवळ उगवते. म्हणून निवडक पेशींतच टीव्हीए चालू करणारे ‘क्री’ विकर ज्याच्यात नाही अशा उंदरावर तोच प्रयोग करावाच. तिथली प्रत्येक हिरवी पेशी म्हणजे गळती. हा कंटाळवाणा भाग टाळला, तर सुंदर चित्रांना काडीची किंमत नाही. शिवाय दोनेक आठवड्यांत पेशी खंगू लागतात, तेव्हा महिनोन्‌महिन्यांचे निरीक्षण या विषाणूवर बेतू नये.

– एक वाचक, पुणे