काका, इंजिन आता धापा टाकतं

आदरणीय काका,

आभार त्या दिवशी फोनवरच मानायला हवे होते, पण तेव्हा मी नुसताच वैतागलेला होतो. एवढ्या हौसेने साउंड डीकोडर (इंजिन चालवणारी आणि त्याचे आवाज काढणारी चिप) बसवलेलं मॉडेल रेल्वेचं १:८७ मापाचं वाफेचं इंजिन, आणि आवाज कसला, तर पत्र्याच्या डब्यात माशी अडकल्यासारखा!

तुम्ही पहिलंच विचारलंत, "स्पीकरला मागून डबी आहे का?" नव्हती. टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, मी तो उघडाच चिकटवला होता. पडद्याच्या पुढून आणि मागून निघणाऱ्या लहरी एकमेकींना खातात, खर्ज तर पार गिळतात, हे तुमच्याकडून कळलं. डबी लावून कडा बुजवल्या आणि इंजिनाला छाती आली.

तोवर मी सीव्ही, म्हणजे डीकोडरची आकड्यांतली सेटिंग्ज, चिवडून ठेवले होते, इंजिन हाकेला ओ देईना. सगळं मूळपदावर यावं म्हणून सीव्ही ८ मध्ये ८ टाकायला लावलंत, मग इंजिनाला त्याच्या मूळ पत्त्यावर, म्हणजे ३ नंबरवर, बोलवायला. आलं बिचारं! (सगळ्या डीकोडरांना ही मात्रा लागू पडत नाही, हेही बजावलंत.)

पण खरं शिकवलंत ते पुढे. दोन सिलिंडरच्या इंजिनात वाफ दट्ट्याला दोन्ही बाजूंनी ढकलते, म्हणून चाकाच्या एका फेरीत चार धापा. चाकावर खडूचा ठिपका देऊन मोजल्या, तर माझ्या जेमतेम तीन! त्या जुळवल्या. मग सीव्ही ३ आणि ४ (वेग किती सावकाश वाढावा आणि उतरावा ते ठरवणारे) वाढवायला सांगितलंत. आता थ्रॉटल उघडला की आधी धाप जड होते, चाकं मागून सावकाश वेग घेतात. थ्रॉटल मिटला की धापा विरतात, नुसते दांडे खुळखुळत गाडी घरंगळते. त्या खुळखुळाटावर मी दोन संध्याकाळी घालवल्या, घरच्यांना विचारा.

आवाज कमी करायला मात्र मी तयार नव्हतो. तुम्ही म्हणालात, "एक मीटरवर उभा आहेस ना? म्हणजे खऱ्या इंजिनापासून ८७ मीटरवर. तिथून कानठळ्या बसतील का?" गुपचूप निम्म्यावर आणला.

शिटीचं बटण आता दाबून धरतो, टिचकी मारत नाही. परवा ती ऐकवायलाच फोन केला होता, तुम्ही उचलला नाहीत. रविवारी पुन्हा करतो. उचललात की आधी माझा आवाज येणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

तुमचा,
फोनवरचा शिष्य